एकट्याचे पथ्य

गेल्या महिन्यात या सदराच्या वाचक असलेल्या भोपाळच्या एका भगिनीचे पत्र आले. पत्र चांगले चार पानांचे होते. पण त्यातला प्रश्न एका ओळीत मावणारा होता. मुलगा दहा वर्षांचा आहे, वजन वयाच्या मानाने फार वाढले आहे, तर त्याचे काय काय बंद करावे? साखर बंद केली, तूप बंद केले, भात बंद केला, आता पोळ्याही मोजून वाढते. तरी मुलगा चोरून खातो आणि जेवणाच्या वेळी घरात रोज रडारड होते, असे त्यांनी लिहिले आहे. आपण शिक्षक आहात, मुले शिक्षकांचे ऐकतात, तेव्हा आपणच काही उपाय सुचवावा, अशी विनंती शेवटी आहे.

मुले शिक्षकांचे ऐकतात ही समजूत गोड खरी. परंतु तीस वर्षांच्या नोकरीनंतर मला तिची फारशी खात्री राहिलेली नाही. तरीही या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, आणि तो एका चुकीने मिळवून दिलेला आहे. चूक माझीच. ती सांगितल्यावाचून या भगिनीला उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

इंदूर, रायपूर, जबलपूरकडील वाचकांना आमचा मुलूख बहुधा दोनच गोष्टींमुळे ठाऊक असतो: एक संत्री आणि दुसरी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार. पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौसरही त्यात आले. माझे घर पांढुर्ण्यास, आणि नोकरी सौसर तालुक्यातील एका खेड्यातल्या शासकीय माध्यमिक शाळेत. मुले घरी मराठी बोलतात, वर्गात हिंदी पुस्तके वाचतात आणि मैदानावर दोन्ही भाषांत भांडतात. बहुतेक शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची लेकरे, हाडापेराने बारीक. त्यामुळे आम्हा शिक्षकांची नजर कृश मुले हेरण्याला सरावलेली. कोणाची हाडे वर आली आहेत, कोण प्रार्थनेच्या वेळी भोवळ येऊन बसतो, कोणाला दुपारच्या भोजनात दुसऱ्यांदा वाढले पाहिजे, हे आम्हाला न सांगता कळते. एखादे मूल अंगाने भरलेले दिसले, तर ‘चला, याची तरी काळजी नाही’ असे म्हणून आम्ही पुढे जातो.

ही समजूत आता जुनी झाली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील पाच वर्षांखालील मुलांत जादा वजनाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा २.१ होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ झाले. त्याच पाहणीत शेकडा ३५.५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. म्हणजे एकाच गावात, कधी कधी एकाच गल्लीत, दोन्ही दुखणी शेजारी शेजारी नांदू लागली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने जाहीर केलेल्या अहवालानुसार तर जगातील ५ ते १९ वर्षांच्या मुलामुलींत लठ्ठपणाचे प्रमाण (शेकडा ९.४) प्रथमच कमी वजनाच्या प्रमाणाला (शेकडा ९.२) मागे टाकून गेले आहे.

हे सारे मी पुढे वाचले. गेल्या वर्षीच्या जुलैत मला यातले काही ठाऊक नव्हते.

त्या दिवशी शाळेत आरोग्यपत्रके भरण्याचे काम चालू होते. व्हरांड्यात वजनकाटा ठेवलेला, मुले रांगेत उभी, एक शिक्षक लिहून घेत होते आणि मी आकडे मोठ्याने वाचून सांगत होतो. अठ्ठावीस, एकतीस, सत्तावीस, असे चालले असता सातवीतला एक मुलगा काट्यावर चढला. त्याचे नाव येथे लिहीत नाही; चारचौघांत ते एकदा नको तसे उच्चारून झाले आहे. मी वाचले, ‘एकावन्न!’ आणि एवढ्यावर न थांबता म्हणालो, ‘अरे, काटा शाबूत आहे ना बघा!’ रांग खदखदून हसली. मागून कोणीतरी ‘मोटू’ म्हणून ओरडले. दूरदर्शन संचावरील त्या व्यंगचित्रमालिकेमुळे हे नाव आता प्रत्येक शाळेत कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतेच. तो मुलगाही हसला. त्याच्या हसण्याने माझी फसवणूक झाली. त्याने विनोद मनावर घेतला नाही, असे मी समजलो.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशीही नाही. आठवडा उलटला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो.

पुढे वडिलांचे किराणा दुकान आणि मागे राहते घर, असा तो संसार. आजींनी सतरंजी टाकली, चहा आणला, बशीत चिवडा आणि दोन पेढे ठेवले. मग त्या म्हणाल्या, ‘गुर्जी, लेकरू रोज सकाळी पोट दुखते म्हनते. नजर लागली त्याले.’ नजर कोणाची लागली हे मला त्या क्षणी कळले आणि घास घशाखाली उतरेना. मी भीतभीत वजनाचा विषय काढला. तेव्हा आजींनी जे सांगितले ते मी कधी विसरणार नाही.

हा नातू जन्मला तेव्हा पावणेदोन किलोचा होता. अठरा दिवस नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. घरी आणल्यावर आजीने त्याला कापसात गुंडाळून, थेंबथेंब दूध पाजून वाढवला. आणि त्याच्याही मागची हकीकत अशी की, आजींचे माहेर अमरावती जिल्ह्यातले. ‘बहात्तर साली मी बारा वर्साची व्हती. लाल मिलोची भाकर, अन् थेबी पोटभर नाही. आता घरात दाना हाय, तर लेकराले उपाशी ठेवू का जी?’ १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना तिची चव विचारू नये. ज्या बाईने त्या वयात रिकामे पोट पाहिले, तिच्या दृष्टीने नातवाचे भरलेले अंग हे आयुष्यभराच्या लढाईचे यश होते. त्या यशालाच मी व्हरांड्यात उभे करून हसलो होतो.

भाषेच्या विद्यार्थ्याला येथे थोडे थांबावेसे वाटते. मूल तीन वर्षांचे असते तेव्हा आपण त्याला गुटगुटीत म्हणतो, बाळसेदार म्हणतो, खात्यापित्या घरचे म्हणतो. येणारा जाणारा त्याचा गालगुच्चा घेतो. तेच मूल दहा वर्षांचे झाले की ते जाड्या होते, ढब्बू होते, लठ्ठ होते. शरीर तेच, शब्द मात्र कोणत्या तिथीला पालटले याची नोंद कोणाकडे नसते. पगार लठ्ठ असला की कौतुक, आणि पोर लठ्ठ झाले की थट्टा. त्या बिचाऱ्या मुलाला समजत नाही की, काल ज्या गोष्टीबद्दल शाबासकी मिळाली, तिच्याचबद्दल आज शिक्षा का व्हावी.

निघताना मी मुलाची चौकशी केली. तो दुकानाच्या मागे धान्याच्या पोत्यांआड बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हणालो, ‘तुझे वजन मी मोठ्याने वाचायला नको होते. चुकले माझे.’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सारे हासले, म्हणून मीबी हासलो, सर.’

या प्रश्नाच्या वैद्यकीय बाजूचा विचार प्रथम करावा लागला तो आजींच्याच एका तक्रारीमुळे. मुलाच्या मानेवर काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा आला होता. आजी तो मळ समजून बेसन आणि लिंबाने घाशीत. निघत नाही म्हणून मुलावर रागावत. पुढे नागपूरच्या एका बालरोगतज्ज्ञांनी तो पट्टा पाहताच सांगितले की, हा मळ नव्हे. रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन शरीरात पुरेसे परिणाम करीत नाही, म्हणून शरीर ते अधिकाधिक निर्माण करते. त्याची ही कातडीवरील खूण. अशी खूण मानेवर किंवा काखेत दिसली, मूल झोपेत फार घोरत असले, थोड्या श्रमाने धाप लागत असली, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टर गाठावा. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. केवळ खाण्याने आणि बैठेपणाने वजन वाढलेली मुले बहुधा वयाच्या मानाने उंचही असतात. मूल लठ्ठ असून उंचीत मात्र मागे पडत असेल, तर थायरॉईड किंवा दुसऱ्या एखाद्या ग्रंथीचा दोष नाही ना, हे आधी तपासून घेतले पाहिजे.

आजींचा प्रश्न मात्र डॉक्टरांपुढेही तोच होता: जन्मतः इतके लहान असलेले लेकरू खाऊ घातल्याने आजारी कसे पडेल? याचे उत्तर आपल्या पुण्याने जगाला दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु आपल्या या रोड बाळांत कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची. चरबी त्यांनी बरीचशी राखून ठेवलेली होती. दिसायला बारीक, पण आतून मेदाळ, असा हा आपल्याकडचा देहस्वभाव. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या आठ वर्षांच्या ४७७ मुलांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, जी मुले जन्मतः लहान होती आणि आठव्या वर्षी मोठी झाली होती, त्यांच्यातच इन्शुलिनचा हा बिघाड सर्वांत अधिक होता. म्हणजे ज्या लेकराला आपण भीतीपोटी सर्वांत जास्त भरवतो, त्यालाच त्या भरवण्याचा सर्वांत जास्त धोका. आजींना हे डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितले. त्या ऐकत राहिल्या, आणि एवढेच म्हणाल्या, ‘मंग माह्याच हातानं झालं म्हना.’ डॉक्टर चटकन म्हणाले, ‘आजी, तुमच्या हातांमुळेच तो जगला. आता त्याच हातांनी थोडे कमी वाढायचे.’

मुलांच्या वजनाचा हिशेब मोठ्या माणसांसारखा करता येत नाही, हेही तेथेच समजले. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की एक आकडा मिळतो. पण मुलांच्या बाबतीत तो आकडा वय आणि मुलगा-मुलगी भेद पाहून तक्त्यावर ताडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा असे तक्ते उपलब्ध आहेत. आमचा मुलगा बारा वर्षांचा, उंची १४६ सेंटिमीटर, वजन ५१ किलो. आकडा जवळजवळ २४ आला. जागतिक तक्त्यावर तो लठ्ठपणाच्या रेषेच्या किंचित वर होता. डॉक्टर म्हणाले, ‘याचे वजन आपल्याला उतरवायचे नाही, थोपवायचे आहे. उंची वाढायची आहे. उंचीला वजन गाठू द्यायचे नाही, एवढेच.’ वजन याहून फार अधिक असेल किंवा साखर, रक्तदाब, यकृत यांत दोष निघाला असेल, तर मार्ग निराळा असू शकतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. पण वाढत्या वयाच्या मुलाला मोठ्यांचे उपास, दोन वेळांचे जेवण, भुकट्या आणि गोळ्या, यांतले काहीही आपल्या मनाने देऊ नये. त्याची हाडे आणि स्नायू अजून घडायचे आहेत.

इतके सर्व समजूनही पहिले पंधरा दिवस वाया गेले. कारण घरी परतल्यावर आजींनी आणि सूनबाईंनी जे केले, तेच भोपाळच्या भगिनीने केले आहे. मुलाचे ताट वेगळे झाले. त्याच्या पुढ्यात उकडलेली भाजी आणि दोन कोरड्या पोळ्या. शेजारी वडिलांच्या पानात बटाटेवड्याचा ढीग, धाकट्या बहिणीच्या वाटीत शिरा. मुलाने दोन दिवस सोसले. तिसऱ्या दिवसापासून दुकानातली पाकिटे नाहीशी होऊ लागली. आईने दप्तर झडले, वडिलांनी चोर म्हटले, आजी रडल्या. महिन्याअखेर वजन एक किलोने वाढले.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी मुलाला काट्यावर उभे न करता प्रथम वडिलांना उभे केले. मग आईला, मग आजींना. वडिलांचे रक्त तपासले. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘पथ्य घराला लागते. एकट्याला लावाल तर ती शिक्षा होईल.’ त्या वाक्याने घराची घडी बदलली, आणि ती कशी बदलली हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

सर्वांचे ताट एक झाले. घरात सकाळी पोळी आणि संध्याकाळी ज्वारीची भाकरी, दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, आणि भाजी पूर्वीच्या दुप्पट. हिवाळ्यात पालक, मेथी, मुळा, गाजर यांना आमच्या भागात तोटा नसतो. तेल वापरायचे ते महिन्याच्या सुरुवातीला मोजून वेगळे काढायचे, म्हणजे फोडणीचा हात आपोआप आवरतो. वाढताना आधी थोडे वाढायचे आणि मागितले तर पुन्हा द्यायचे. पानात टाकू नये हा आपला जुना नियम चांगलाच आहे. परंतु भरमसाट वाढून मग तो नियम मुलावर लादणे, हा अन्नाचा मान नव्हे. आणि आग्रह! पाहुण्याला आग्रह करावा. घरच्या लेकराला ‘भूक आहे का?’ एवढे विचारावे, आणि तो नाही म्हणाला तर विश्वास ठेवावा.

सर्वांत मोठा फरक पडला तो पेयांनी. थंड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चांगले पाच चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूत्रांत दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी वरून घातलेली साखर सबंध दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपेक्षा कमी असावी, असे म्हटले आहे. एका बाटलीत तो वाटा संपतो, आणि पोट मात्र रिकामेच राहते. संत्र्यांच्या मुलखात राहून आम्ही संत्र्याचेही असेच करतो. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात; चोथा फेकला जातो आणि रस दोन घोटांत संपतो. तेच एक संत्रे सोलून, फोडी सुट्या करून, बिया काढीत खाल्ले तर दहा मिनिटे जातात, चोथाही पोटात जातो आणि दुसऱ्या संत्र्याची आठवण होत नाही. चहातील साखर प्रथम आजींनी निम्मी केली. ते पाहून मीही केली. उपदेशकाने आपला पेला झाकून ठेवू नये.

दुकानाचा प्रश्न अवघड होता. वडिलांची उपजीविका त्यावर, आणि दाराशी टांगलेल्या पाकिटांच्या माळा हेच गिऱ्हाइकाचे आकर्षण. वडिलांनी पाकिटे बंद केली नाहीत. ती दर्शनी भागातून मागे नेली आणि पुढे फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे ठेवले. मुलगा संध्याकाळी गल्ल्यावर बसत असे, ते मात्र थांबवले. रिकामे हात, समोर खाऊ आणि हाती मोबाईल, अशा जागी कोणालाही बसवले तरी तो खाणारच. जेवताना दूरदर्शन आणि मोबाईल दोन्ही बंद, हा नियम सर्वांना, वडिलांसकट, लागू झाला. तो पाळणे सर्वांत कठीण गेले ते वडिलांनाच.

आता शाळेचा वाटा. वजनकाटा व्हरांड्यातून उचलून माझ्या खोलीत आला. एकेक मूल आत येते, दार लोटले जाते, आकडा लिहिला जातो, वाचला जात नाही. शरीरावरून नावे ठेवणे बंद, असे मी प्रार्थनेच्या वेळी सांगितले. आणि सुरुवात मी केली होती, हेही सांगितले. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असले अतिगोड, अतिखारट, तेलकट पदार्थ विकू नयेत असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या हातगाडीवाल्याला तो दाखवून मी त्याची गाडी हाकलू शकलो असतो. त्याऐवजी त्याच्याशी बोललो. तो आता पेरू, बोरे, उकडलेल्या शेंगा आणि हंगामात संत्री विकतो.

खेळाबद्दल पालकांचा एक गैरसमज असतो की, लठ्ठ मुलाला धावायला लावले की काम झाले. ज्या मुलाला दोनशे पावलांत धाप लागते, त्याला सर्वांदेखत धावायला लावणे हा त्या व्हरांड्याचाच दुसरा प्रकार आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण तो तास एका दमात भरावा लागत नाही. आमच्या मुलाने सुरुवात केली ती चालण्याने. वडील मोटारसायकलवर आणून सोडीत, ते बंद झाले. सव्वा किलोमीटर येणे आणि तेवढेच जाणे, बरोबर दोन मित्र. दोन महिन्यांनी आमच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला कबड्डीत कोपऱ्यावर उभे केले. तेथे धावण्यापेक्षा पाय रोवण्याला आणि पकडीला महत्त्व. पहिल्याच आठवड्यात त्याने शाळेतल्या सर्वांत चपळ मुलाचा घोटा असा धरला की तो सुटेना. त्या दिवशी मुले पुन्हा ओरडली, पण या वेळी त्याचे खरे नाव घेऊन.

रात्री उशिरापर्यंत जागण्यानेही वजन वाढण्यास हातभार लागतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि त्यापुढे अठराव्या वर्षापर्यंत आठ ते दहा तास झोप हवी. दहा वाजता घरातले दिवे मालवू लागल्यावर त्याचे सकाळचे पोट दुखणेही थांबले. अर्थात ते केवळ झोपेनेच थांबले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

वाचकांनी असा समज करून घेऊ नये की सारे सुरळीत झाले. दिवाळीच्या पंधरा दिवसांत वजन दोन किलोने वाढले. आजींनी फराळाचा डबा स्वतःच फडताळात कुलूपबंद केला. डॉक्टरांनी तो उघडायला लावला. सणाचे सणाला खावे, त्यात चोरी नको. पुरणपोळी पोळ्याला खाल्ल्याने कोणी लठ्ठ होत नाही, रोजच्या बिस्किटांनी होतो, असे त्यांचे म्हणणे. यंदाच्या पोळ्याला त्या घरी मला जेवायला बोलावले होते. मुलाने दोन पुरणपोळ्या तुपाबरोबर खाल्ल्या, तिसरीला हात आडवा धरला, आणि आजींनी आग्रह केला नाही. त्या बाईला ते किती जड गेले असेल, हे तिच्या हातातल्या तुपाच्या वाटीकडे पाहून समजत होते.

ऑक्टोबरात त्याची नोंद झाली: उंची १५३ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. पंधरा महिन्यांत वजन एक किलो वाढले, उंची सात सेंटिमीटर. जो आकडा २४ होता, तो २२ वर आला. जागतिक तक्त्याप्रमाणे तो लठ्ठपणाच्या रेषेखाली उतरला आहे. जादा वजनाच्या पट्ट्यात अजून आहे. मानेवरचा पट्टा फिका झाला, गेलेला नाही. वडिलांची साखर उंबरठ्यावरून एक पाऊल मागे सरली. काम संपलेले नाही, आणि ते लवकर संपेल असे डॉक्टरांनीही कोणाला सांगितलेले नाही. ही हकीकत त्या कुटुंबाच्या संमतीने लिहिली आहे. मुलाने एकच अट घातली होती, ती म्हणजे कबड्डीचा उल्लेख गाळू नये.

त्यांच्या घरात वजनकाटा नाही. मधल्या दाराच्या चौकटीवर मात्र कोळशाने ओढलेल्या रेघा आहेत. महिन्यातून एकदा आजी नातवाला चौकटीला पाठ लावून उभे करतात, डोक्यावर पाटी आडवी धरतात आणि नवी रेघ ओढतात. आल्यागेल्याला त्या वजन सांगत नाहीत, रेघ दाखवतात.

तेव्हा भोपाळच्या भगिनीस उत्तर लिहायचे ते असे: ताई, साखर, तूप, भात यांची यादी तूर्त बाजूला ठेवा. पहिल्याने मुलाचे वेगळे ताट बंद करा. त्याला आपल्या पानाशेजारी बसवा, आणि त्याच्या ताटात जे असावे असे आपल्याला वाटते, ते आधी आपल्या ताटात वाढून घ्या.